सातपूरची नोकरी सोडून शिकवण्याच्या क्षेत्रात जायचंय, पण भीती वाटते. ही भीती घालवायची कशी?

तुम्ही लिहिलंय की वय २६, सातपूरच्या कंपनीत मेंटेनन्सला तीन वर्षं झाली, मन मात्र शाळेत शिकवण्यात आहे. राजीनाम्याचा मेल दोनदा लिहिलात आणि दोनदा खोडलात. घरचे म्हणतात, भरल्या ताटावरून उठू नये.

भीती घालवायची कशी हे मला सांगता येणार नाही, कारण माझी गेलीच नव्हती. तशीच सोबत घेऊन गेले.

मी नाशिकरोडची. आजोबा नोटप्रेसमध्ये, वडीलही तिथेच. १९२८ साली सुरू झालेल्या त्या प्रेसच्या पगारावर आमच्या गल्लीतली निम्मी घरं उभी राहिली. 'प्रेसमध्ये लागला' एवढ्यावर मुलाचं लग्न ठरायचं. अशा घरात नोकरी सोडणं हा निर्णय मानला जात नाही, दुखणं मानलं जातं. मेकॅनिकलचा डिप्लोमा करून २०१५ मध्ये मी नाशिकच्या अंबडला एका कंपनीत क्वालिटीला लागले. मापं घ्यायला व्हर्निअर, मायक्रोमीटर, गो-नोगो गेज (भाग मापात बसतो की नाही एवढंच सांगणारं), आणि समोर बुशांचे, म्हणजे धातूच्या छोट्या नळकांड्यांचे ट्रे. काम वाईट नव्हतं. पण चौथ्या वर्षी लक्षात आलं की मी घड्याळाकडे नाही, कॅलेंडरकडे बघत दिवस काढतेय.

सोडायचं म्हटलं की सगळे एकच सांगायचे, "पाच वर्षं तरी भर, ग्रॅच्युइटी बुडेल." मीही वर्षभर हेच घोकत होते. एके दिवशी जेवणाच्या सुट्टीत हिशोब केला. माझं बेसिक १२,००० रुपये. दर वर्षाला पंधरा दिवसांचा पगार, महिना २६ दिवसांचा धरून, म्हणजे त्याचे १५ भागिले २६, गुणिले पाच वर्षं. आले ३४,६१५ रुपये. ज्या रकमेसाठी मी जीव मुठीत धरून बसले होते, ती माझ्या तीन महिन्यांच्या बेसिकएवढीसुद्धा नव्हती! पीएफ तर बुडतच नाही, यूएएन म्हणजे पीएफचा नंबर नोकरी बदलली तरी तोच राहतो. कानमन आणि ट्वर्स्की या मानसशास्त्रज्ञांनी १९७९ मध्ये मांडलं होतं की मिळालेल्या पैशाच्या आनंदापेक्षा तेवढेच पैसे गेल्याचं दुःख माणसाला जास्त होतं. आपल्याकडे मेल्या म्हशीला मणभर दूध म्हणतात, ते काही वेगळं नाही. तुमची पाच वर्षं भरायला चार महिने उरले असते तर मी थांबा म्हटलं असतं. दोन वर्षं त्यासाठी थांबू नका.

मला द्राक्षात जायचं होतं. शेती नाही आमची, एक वेलसुद्धा नाही. मैत्रिणीच्या काकांचं पिंपळगाव बसवंतजवळ निर्यातीचं पॅकहाऊस होतं. २०१९ च्या जानेवारीपासून मार्चपर्यंत दर सुट्टीला बस पकडून तिथे जायचे, फुकट. पॅकिंगच्या बायकांमध्ये उभी राहून घड विंचरायला शिकले, म्हणजे कात्रीने खराब मणी काढायला. मण्याची साईज बघायची रिंग हातात आली तेव्हा हसूच आलं, कारण ते आमचं गो-नोगो गेजच होतं! १८ एमएमच्या भोकातून मणी खाली पडला की तो १८ चा नाही. ब्रिक्स, म्हणजे रसातली साखर बघायचा रिफ्रॅक्टोमीटर दोन दिवसांत जमला.

ज्याला मी घाबरत होते (शिकायला जमेल का, लोक हसतील का) ते काहीच नव्हतं. ज्याचा विचारही केला नव्हता ते मात्र समोर आलं. कारखान्यात शंभर बुश रिजेक्ट करताना ते बनवणाऱ्याचं तोंड दिसत नाही. इथे क्रेटमागे शेतकरी उभा असतो. एका बाबांचा माल साईजला कमी भरला. ते भांडले नाहीत. "ताई, परत एकदा बघा ना," एवढंच म्हणाले. मी परत मोजलं, आकडा तोच आला. त्या रात्री जेवण गेलं नाही. हे काम करायचं तर असं उभं राहणं आलंच, आणि मला ते जमेल की नाही हे घरी बसून विचार करून कधीच कळलं नसतं. पुढच्या सुट्टीला मी परत गेले. तेवढ्यावर मी ठरवलं.

करिअर बदलायचं म्हटलं की आपल्याकडे कोणीतरी दादासाहेब फाळक्यांचं नाव घेतंच. त्र्यंबकेश्वरात जन्मलेले, फोटोग्राफी, पुरातत्त्व खातं, छापखाना असं सगळं करून चाळिशीत सिनेमाकडे वळलेले. 'त्यांनी विम्याची पॉलिसी गहाण टाकली, तूही उडी घे' असं म्हणणाऱ्यांचा मला राग येतो. कारण मधली गोष्ट ते गाळतात. मोठ्या चित्रपटाआधी, १९१२ च्या सुमारास, फाळक्यांनी मटाराचं बी पेरलं आणि ते उगवून रोप होईपर्यंत थोडं थोडं चित्रित करत राहिले. ती छोटीशी फिल्म दाखवून भांडवल उभं केलं. दुसरं, सरस्वतीबाई. दागिने त्यांचे गेले, फिल्म धुवायला त्या, युनिटचं जेवण रांधायलाही त्या. घरातलं एक माणूस तरी आपल्या बाजूला असावं लागतं.

२०१९ च्या डिसेंबरात मी राजीनामा दिला. सहा महिन्यांचा खर्च बाजूला होता. आणि पहिल्याच हंगामात, २५ मार्च २०२० ला लॉकडाऊन! बागांमध्ये माल उभा, गाड्या बंद, कित्येकांनी द्राक्षं वाळवून बेदाणा केला. माझा पगार थांबला. म्हणजे जी भीती होती ती अक्षरशः खरी ठरली. त्या महिन्यांत वडील एकदाही "सांगितलं होतं" म्हणाले नाहीत. गॅस आणि विजेचं बिल मात्र मला न विचारता भरून टाकायचे. साठवलेले पैसे ऑगस्टपर्यंत पुरले. पुढच्या हंगामात त्याच पॅकहाऊसने परत बोलावलं.

आता तुमचं. माध्यमिक शाळेत शिकवायला बी.एड. लागेल, ते दोन वर्षांचं. मुक्त विद्यापीठाचं बी.एड. आधीच शिक्षक असलेल्यांसाठी आहे, त्यामुळे नोकरी सांभाळून ते करता येईल या भरवशावर राहू नका. म्हणजे दोन वर्षं बिनपगाराची धरा. अनुदानित शाळेत जायचं तर पुढे सरकारच्या पवित्र पोर्टलवरच्या शिक्षकभरतीची वाट बघणंही त्यात धरा. हा आकडा कागदावर मांडून घरच्यांपुढे ठेवा. 'मला आवडतं' हे त्यांना पटणार नाही, आकडा निदान वाचतील तरी.

आणि त्याआधी कुंडीत मटार लावा. शेजारपाजारची दहावीची चार पोरं घ्या, त्यात एक गणिताला घाबरणारं हवंच. सुट्टीच्या दिवशी शिकवा, सहामाहीपर्यंत सोडू नका. त्यांचे पेपर स्वतः तपासा. एकच चूक पाचव्यांदा दिसल्यावर तुम्हाला चीड येते की कुतूहल वाटतं, ते बघा. शक्य असेल तर ओळखीच्या शिक्षकाकडून परीक्षेच्या दिवसांत साठ पेपरांचा गठ्ठा मागून घ्या. शिकवणं सगळ्यांनाच आवडतं हो, गठ्ठा कोणाला आवडत नाही.

मेल तोपर्यंत ड्राफ्टमध्ये राहू द्या.

आमच्याकडे सध्या गोडी छाटण्या, म्हणजे द्राक्षवेलींच्या फळासाठीच्या छाटण्या, चालू आहेत, जानेवारीत पॅकहाऊस सुरू होईल. वडील अजून दर दिवाळीला विचारतात, "तुझे ते द्राक्षवाले परमनंट कधी करणार गं?"