‘बी पेशी’तला बी कुठला?

प्रश्न असा: रोगजंतूंशी लढणारी प्रतिपिंडं (अँटीबॉडी) बनवणाऱ्या पांढऱ्या रक्तपेशींना ‘बी पेशी’ म्हणतात. त्यातलं ‘बी’ हे अस्थिमज्जेच्या इंग्रजी नावातलं (बोन मॅरो) आद्याक्षर ना? मग मराठीत सरळ ‘मज्जापेशी’ का लिहू नये?

ते आद्याक्षर अस्थिमज्जेचं नाही, कोंबडीच्या एका अवयवाचं आहे. पिल्लाच्या अवस्कराला (विष्ठा आणि अंडं बाहेर पडण्याच्या सामाईक पोकळीला) लागून, पाठीच्या बाजूला, एक छोटी पिशवी असते. इटलीतल्या पादुआच्या फॅब्रिशियस या शरीररचनातज्ज्ञाने केलेलं तिचं वर्णन त्याच्या मृत्यूनंतर १६२१ साली छापलं गेलं. पिशवीला लॅटिनमध्ये ‘बर्सा’ म्हणतात. ती कशासाठी असते हे मात्र पुढची सव्वातीनशे वर्षं गूढच राहिलं. अमेरिकेतल्या ओहायोत ब्रूस ग्लिक हा संशोधक लहान पिल्लांची बर्सा काढून त्यांची वाढ पाहत होता. त्यातल्या काही कोंबड्या टिमोथी चँगने प्रात्यक्षिकासाठी नेल्या, त्यांना साल्मोनेला या जिवाणूचं प्रतिजन (ज्याच्याविरुद्ध शरीर प्रतिपिंडं बनवतं तो पदार्थ) टोचलं, आणि प्रतिपिंडं काही दिसेनात. हा निष्कर्ष १९५६ साली ‘पोल्ट्री सायन्स’मध्ये आला. पुढे थायमस या छातीतल्या ग्रंथीत पक्व होणाऱ्या पांढऱ्या पेशींना ‘टी’ आणि बर्सात होणाऱ्यांना ‘बी’ हे नाव पडलं. माणसाला बर्सा नसते, आपल्याकडे हे काम अस्थिमज्जेत होतं. तिच्या इंग्रजी नावाचं आद्याक्षरही तेच निघालं, हा निव्वळ योगायोग.

आपल्याकडचे पोल्ट्रीवाले बर्साला चांगलं ओळखतात, ते गंबोरो या कोंबड्यांच्या रोगामुळे. या रोगाचा विषाणू बर्सातल्या कोवळ्या बी पेशीच मारतो. पिल्लू कापून पाहिलं तर बर्सा आधी सुजून जवळपास दुप्पट वजनाची झालेली असते आणि आठवडाभरात आक्रसून मूळच्या तिसऱ्या हिश्श्यावर येते. वाचलेल्या पिल्लांना मग दुसऱ्या लशीही नीट लागू पडत नाहीत, कारण प्रतिपिंडं बनवणारंच कोणी उरलेलं नसतं.

‘मज्जापेशी’ नको, याला आणखी दोन कारणं. टी पेशींचे पूर्वज आणि तांबड्या पेशीही अस्थिमज्जेतच जन्मतात, त्यामुळे या नावाने वेगळेपण कळत नाही. शिवाय मज्जारज्जू, मज्जासंस्था म्हणणाऱ्या मराठीत ‘मज्जापेशी’ वाचणाऱ्याला चेतापेशीच आठवेल. ‘बीपेशी’ असं जोडूनही लिहू नका, ती बीजपेशी वाटते. ‘बी पेशी’ किंवा ‘बी-पेशी’ ठीक. (‘टी पेशी बी येते’ असं कोणी म्हणालं तर तो बी आणखी वेगळा.)

क्रियापदाचंही तेच. ‘प्रतिजन बी पेशीला प्रतिपिंड बनवायला शिकवतं’ हे वाक्य सर्रास दिसतं, पण चुकीचं आहे. जनुकांचे तुकडे कापून-जोडून प्रत्येक बी पेशीचा प्रतिपिंडाचा साचा अस्थिमज्जेतच ठरतो, तेव्हा प्रतिजन समोर आलेलंही नसतं. नंतर ज्या पेशीच्या साच्यात ते बसतं ती विभागते, आणि तिच्या वंशजांत साच्याची आणखी घासणी होते. म्हणून ‘शिकवतं’ऐवजी ‘निवडतं’ लिहावं.

निवडलेल्या वंशातल्या काही पेशी प्लाझ्मा पेशी होतात (एरवी ‘प्लाझ्मा’ म्हणजे रक्तद्रव). सेकंदाला हजारो प्रतिपिंडं बाहेर टाकणाऱ्या त्या याच. त्यांचं भाषांतर ‘रक्तद्रव पेशी’ करणं ही हमखास होणारी चूक, कारण त्यांचा मुक्काम रक्तद्रवात नव्हे, मुख्यतः अस्थिमज्जेत, प्लीहेत आणि आतड्याच्या अस्तरात असतो. रक्तद्रवात सापडतात ती त्यांनी सोडलेली प्रतिपिंडं.