आईने हाय खाल्ली तर?

“वडील गेले, आता आईने हाय खाल्ली तर?” हा प्रश्न समुपदेशनाच्या कामात मी इतक्या वेळा ऐकला आहे की, विचारणाऱ्याच्या घरात काय काय लपवले गेले असेल याचा अंदाज मला आधीच येतो. फोटो भिंतीवरून उतरलेला असतो, चष्मा कपाटात गेलेला असतो आणि भेटायला येणाऱ्यांना “त्यांचा विषय काढू नका” अशी दारातच ताकीद मिळालेली असते. यामागे माया असते आणि भीतीही अगदीच निराधार नसते. म्हणून एका काकूंची हकिकत, ओळख पटेल असे तपशील बदलून, येथे सांगते.

सातारा जिल्ह्यातल्या या काकू 64 वर्षांच्या. यजमान एका पहाटे हृदयविकाराच्या झटक्याने गेले आणि बाराव्या दिवशी, घर पाहुण्यांनी भरलेले असताना, काकूंच्या छातीत कळ आली. रुग्णालयात ईसीजीमध्ये दोष दिसला आणि हृदयाच्या स्नायूला इजा झाली की रक्तात वाढणारे ट्रोपोनिन हे प्रथिनही वाढलेले निघाले, परंतु अँजिओग्राफीत एकाही रक्तवाहिनीत अडथळा सापडला नाही. हृदयाच्या डाव्या कप्प्याचे टोक मात्र फुग्यासारखे फुगलेले होते आणि नीट आकुंचन पावत नव्हते. डॉक्टरांनी निदान केले, ‘ताकोत्सुबो’.

हा जपानी शब्द आहे. ऑक्टोपस पकडण्यासाठी तिथले कोळी अरुंद गळ्याचे आणि गोल बुडाचे मडके वापरतात. या आजारात हृदयाचा कप्पा तसाच दिसतो, म्हणून तिथल्या डॉक्टरांनी 1990 च्या सुमारास हे नाव दिले. मोठ्या धक्क्यानंतर अ‍ॅड्रिनलीनसारख्या संप्रेरकांचा लोंढा रक्तात येतो आणि हृदयाचा स्नायू काही काळ जणू बधिर होतो, असे मानले जाते. सुमारे 90 टक्के रुग्ण स्त्रिया असतात आणि त्यांतल्या बहुतेक पन्नाशी ओलांडलेल्या असतात. बहुतेकींचे हृदय काही आठवड्यांत पूर्ववत होते. तरी पहिले काही दिवस धोक्याचे असू शकतात आणि थोड्या जणींना हा त्रास पुन्हाही होतो.

‘हाय खाणे’ हा आपल्याकडचा जुना शब्दप्रयोग नुसता बोलण्यापुरता नाही, हे इतर अभ्यासांतूनही दिसले आहे. ब्रिटनमध्ये 55 वर्षांवरील 4,486 विधुरांचा अभ्यास 1969 मध्ये प्रसिद्ध झाला. पत्नीच्या निधनानंतरच्या पहिल्या सहा महिन्यांत त्यांच्यातले मृत्यूचे प्रमाण अपेक्षेपेक्षा 40 टक्के अधिक होते आणि त्यात हृदयविकाराचा वाटा मोठा होता. जवळची व्यक्ती गेल्यानंतरच्या 24 तासांत हृदयविकाराच्या झटक्याचा धोका 21 पटींनी वाढतो, असे 2012 मधल्या एका अमेरिकी अभ्यासात आढळले. हा आकडा ऐकून मुले हादरतात. एरवी एका दिवसात झटका येण्याची शक्यता मुळात फार लहान असते आणि वाढलेला धोका दिवसागणिक उतरत जातो, हे त्यांना समजावून सांगावे लागते.

काकूंचा मुलगा फाइल घेऊन आला तेव्हा त्याने अभिमानाने सांगितले, “आम्ही तिला रडूच देत नाही, मॅडम. हृदयावर ताण यायला नको.” काकू शेजारी निश्चल बसल्या होत्या. पहिल्या तीन भेटींत त्यांनी नातवंडांविषयी आणि पावसाविषयी सांगितले, यजमानांविषयी एक शब्दही उच्चारला नाही. मीही ओढून काढला नाही. चौथ्या भेटीत मी एक साधा प्रश्न विचारला.

“काकू, बीपीची गोळी चालू आहे ना?”

“आता मुलगा हातावर ठेवतो.”

“आणि त्या बारा दिवसांत?”

“नाही घेतली. डबी दर रविवारी हेच भरायचे. रिकामी झाली, तशीच राहिली.”

“कळ आली तेव्हा लगेच कुणाला सांगितलंत?”

“दोन तासांनी. तेही नणंदेनं चेहरा बघून ओळखलं म्हणून.”

“दोन तास का थांबलात?”

त्या बराच वेळ पदराचे टोक बोटाला गुंडाळत राहिल्या. मग म्हणाल्या, “यांच्या छातीत दुखत होतं तेव्हा मी ओवा दिला, मॅडम. म्हटलं, गॅस असेल, पडा जरा. यांना दवाखाना मिळाला नाही, मग मला कशाला?”

इतक्या वर्षांच्या कामात मला पुन्हा पुन्हा जाणवले आहे की, दुःखापेक्षा दुःखाला चिकटलेला आरोप माणसाला अधिक पोखरतो. घरातले सगळे त्यांचे अश्रू मोजत होते आणि त्या मनातल्या मनात शिक्षा भोगत होत्या. त्या रडू लागल्या तेव्हा बाहेर बसलेला मुलगा दारात येऊन उभा राहिला. मी त्याला हातानेच थांबवले. त्या शांत झाल्यावर, मरून जावेसे वाटते का, असे मी स्पष्ट शब्दांत विचारले, कारण हा प्रश्न टाळण्यात शहाणपण नसते. “कंटाळा आला होता. जिवाचं काही करून घ्यावं असं मनात नाही आलं,” त्या म्हणाल्या.

“तुमची चूक नव्हती” हे वाक्य मी जाणीवपूर्वक उच्चारले नाही. ते सगळ्यांनी सांगून झाले होते आणि त्याचा उपयोग झाला नव्हता. मी विचारले, “ओवा देताना तुम्हाला काय माहीत होतं?”

“यांना नेहमी ओव्यानं बरं वाटायचं, एवढंच.”

“आणि हृदयाचं आहे, असं कळलं असतं तर?”

त्या ताठ बसल्या. “आळीतलं एकेक दार वाजवलं असतं! अनवाणी धावले असते!”

हे वाक्य त्यांचे त्यांनाच ऐकू आले. माझा भर नेहमीच यावर असतो की, माणसाने स्वतःविरुद्ध दिलेला निकाल त्याने स्वतःच पुन्हा तपासावा. दुसऱ्याने बहाल केलेली निर्दोष सुटका मनाला पटत नाही.

अशा घरांना माझे सांगणे असे आहे. दुःखात रडणाऱ्या माणसाला अडवू नका. गेलेल्या व्यक्तीचे नाव घरात घेतले जाऊ द्या. लक्ष ठेवायचे ते रोजच्या गोष्टींवर, म्हणजे चालू असलेल्या गोळ्या, जेवण आणि झोप यांवर, कारण या काळात हमखास तेच सुटते. छातीत दुखले, दम लागला किंवा घाम फुटला, तर ‘टेन्शनमुळे असेल’ असे घरी ठरवू नका. ताकोत्सुबो आणि हृदयविकाराचा झटका यांतला फरक लक्षणांवरून कळत नाही, डॉक्टरांनाही तपासण्या कराव्या लागतात. म्हणून 108 क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवा. जगणे नकोसे झाल्याची भाषा ऐकू आली, तर ‘टेलिमानस’ या मानसिक आरोग्यासाठीच्या सरकारी हेल्पलाइनच्या 14416 या क्रमांकावर विनामूल्य बोलता येते.

काकूंच्या सांगण्यावरून मुलाने यजमानांच्या वस्तूंचा खोका माळ्यावरून काढला. त्यात त्यांची एक वही निघाली. काकूंचे बीपी ते दर आठवड्याला त्यात लिहीत असत. त्यांच्या शेवटच्या नोंदीखाली काकूंनी आपल्या अक्षरात नोंदी सुरू केल्या. पुढच्या इकोमध्ये, म्हणजे हृदयाच्या सोनोग्राफीत, हृदय पूर्ववत झाल्याचे दिसले. शेवटच्या भेटीत मुलाने विचारले, “मॅडम, आता मी काय करू?”

उत्तर काकूंनीच दिले. “रविवारी मी डबी भरेन तेव्हा समोर येऊन बस. तुझ्या बाबांच्या गोष्टी सांगेन.”