ग्वाल्हेरच्या थंडीत पिल्लांसाठी ऊब
ग्वाल्हेरच्या जानेवारीत कोंबडीची पिल्ले आणणार असाल, तर ती येण्यापूर्वीच ब्रूडर (पिल्लांना दिव्याने ऊब देणारा कप्पा) तापवून ठेवावा. पहिल्या आठवड्यात पिल्लांच्या पाठीच्या उंचीवर 32 ते 35 अंश सेल्सिअस तापमान असावे आणि पुढे दर आठवड्याला ते सुमारे 3 अंशांनी उतरवावे. मात्र माझा भरवसा थर्मामीटरपेक्षा पिल्लांवरच अधिक आहे, कारण ती दिव्याखाली एकमेकांवर चढून चिवचिवाट करू लागली की ऊब अपुरी आहे आणि चोची वासून कडेला सरकली की ती जास्त झाली आहे, हे लगेच कळते. दिवा नुसत्या वायरीवर न लोंबकळवता साखळीने पक्का बांधावा, अन्यथा तो खालच्या भाताच्या तुसावर पडून आग लागू शकते. बंद खोलीत कोळशाची शेगडी कदापि ठेवू नये. तिच्यातून निघणारा कार्बन मोनॉक्साइड पिल्लांइतकाच माणसांनाही घातक असतो.