रक्तात एचआयव्हीविरोधी पेशी दिसतात, मग गर्भाशयमुखाच्या नमुन्यात का नाहीत?

प्रश्न थोडक्यात असा: नमुने गोव्यातल्या काणकोणहून बांबोळीच्या प्रयोगशाळेत येतात. एचआयव्ही असलेल्या स्त्रियांच्या रक्तातल्या सीडी8 पेशी (बाधित पेशी मारणाऱ्या टी-पेशी) गॅग पेप्टाइडला, म्हणजे विषाणूच्या गॅग प्रथिनाच्या तुकड्याला, प्रतिसाद देतात; गर्भाशयमुखाच्या सायटोब्रशमधल्या (पेशी खरवडून घेणाऱ्या छोट्या ब्रशमधल्या) देत नाहीत.

आधी जिवंत पेशी मोजा, बहुतेक घोळ तिथेच असतो. 10 मिलि रक्तातून साधारण 1 कोटी पेशी सहज मिळतात. ब्रशमधून कित्येकदा काही हजारच टी-पेशी हाती लागतात. एलिस्पॉटच्या (प्रतिसाद देणाऱ्या पेशी ठिपक्यांनी मोजणाऱ्या चाचणीच्या) एकेका खाचेलाच 1-2 लाख पेशी लागतात, तेव्हा त्याचा नाद सोडा. फ्लो सायटोमेट्रीवर (एकेक पेशी लेझरने तपासणाऱ्या यंत्रावर) इंटरफेरॉन-गॅमा, म्हणजे प्रतिसाद देणाऱ्या पेशी बनवतात ते प्रथिन, बघा. मृत पेशी ओळखणारा रंग वापरायला विसरू नका, कारण श्लेष्मा आणि आवरणपेशी खोटी चमक देतात. अँटी-सीडी3 (टी-पेशींना चेतवणारं प्रतिपिंड) आणि आयएल-2 (त्यांची वाढ करणारं प्रथिन) देऊन पेशी वाढवता येतात, पण मग मूळ प्रमाणावर बोलू नये.

नमुन्याचा प्रवासही तपासा. ब्रश एक पूर्ण वेढा फिरवून लगेच माध्यमात (पेशी जिवंत ठेवणाऱ्या द्रवात) बुडवा, नळी थंड ठेवा आणि त्याच दिवशी काही तासांत 100 मायक्रॉनच्या जाळीतून गाळा. फ्रीझरमधून काढलेला आईसपॅक थेट नळीला टेकवला तर नमुना गोठतो नि पेशी फुटतात. माध्यमात अँटिबायोटिकसोबत अँफोटेरिसिन हे बुरशीनाशकही हवं; नाहीतर रात्रभरात कँडिडा ही बुरशी माजते.

ब्रश लालसर दिसला तर नमुना बादच करा. मिसळलेलं रक्त आपलाच प्रतिसाद दाखवतं, आणि असा 'चांगला' निकाल शून्यापेक्षा वाईट. शिवाय ब्रश फक्त पृष्ठभाग खरवडतो. ऊतकात मुक्कामी असलेल्या खोलवरच्या पेशी हव्या असतील तर बायोप्सीच (ऊतकाचा छोटा तुकडा काढणं) लागेल.