मंगळ राहण्याजोगा करता येणार असेल, तर कोकणातल्या खाड्या आणि कांदळवनं वाचवण्यावर खर्च कशाला?

मंगळाच्या भरवशावर खाड्या सोडून देता येणार नाहीत, कारण मंगळ राहण्याजोगा करायला लागणारा मालमसालाच तिथे पुरेसा नाही. तिथल्या हवेचा दाब पृथ्वीच्या १ टक्क्याहूनही कमी आहे. ब्रूस जाकोस्की आणि ख्रिस्तोफर एडवर्ड्स या ग्रहशास्त्रज्ञांनी २०१८ मध्ये हिशोब मांडला, तो असा: हाती लागण्याजोगा कार्बन डायऑक्साइड मोकळा केला तरी हा दाब पृथ्वीच्या जेमतेम काही टक्क्यांवर जाईल. शिवाय मातीत परक्लोरेटसारखे विषारी क्षार आहेत.

इकडे खाडीकाठच्या कांदळवनातल्या तिवराचं पान उन्हात धरून पाहा, त्यावर मिठाचे बारीक कण चमकतात. हे झाड बरंचसं मीठ मुळाशीच अडवतं आणि उरलेलं पानांतून बाहेर टाकतं. चिखलातून वर आलेली त्याची मुळं हवा घेतात, गाळ धरून ठेवतात, आणि त्यांच्याच आडोशाला कोळंबीची, माशांची पिल्लं वाढतात. एवढं सगळं तयार असताना आपण त्यावर भराव टाकतो, याचं फार वाईट वाटतं. भरतीचं पाणी आत-बाहेर खेळतं ठेवलं तर बऱ्याच ठिकाणी तिवरं आपसूक रुजतात.

मात्र म्हणून अवकाशावरचा सगळा खर्च वाया जातो, असं नाही. ३ जून २०२० रोजी निसर्ग वादळ श्रीवर्धनच्या आसपास धडकलं, त्याआधीच किनाऱ्यावरची माणसं सुरक्षित जागी हलवता आली, ती उपग्रहांमुळे वेळेत मिळालेल्या इशाऱ्यावरून.