नाडी आणि सल्ला

होतकरू संपादकास अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र आणि नमुना अंक मिळाला. चर्चशी मतभेद आहेत, पण चर्च सोडायचं नाही, अशा लोकांसाठी द्वैमासिक काढायचं म्हणतेस. अंकावर लाल पेनने बरंच गिरवलं आहे, तो परत पाठवतो आहे. ‘धीटपणे लिहू की जपून?’ या तुझ्या प्रश्नावर मात्र सरळ उत्तर द्यायच्या आधी एका जुन्या नियतकालिकाची हकिकत सांगतो.

इंग्लंडमधलं ‘रॅम्बलर’. अँग्लिकन पंथातून कॅथलिक झालेल्या जॉन मूर केप्स यांनी ते १८४८ मध्ये काढलं. आधी साप्ताहिक, मग त्याच वर्षी मासिक. तिथल्या कॅथलिकांना पार्लमेंटचं दार उघडून तेव्हा जेमतेम १९ वर्षं झाली होती. पिढ्यानपिढ्या अंग चोरून राहिलेला समाज तो. त्यात विद्यापीठात शिकलेली ही नवी मंडळी येऊन चारचौघांत मोठ्याने वाद घालायला लागली. जुन्यांच्या पोटात गोळा आला. त्यांचं सगळंच चुकलं असं मला वाटत नाही.

केप्स यांच्यानंतर मासिकाची सूत्रं रिचर्ड सिम्पसन यांच्याकडे आली. अभ्यासू, विनोदी आणि बोचरा माणूस. १८५८ मध्ये जॉन अ‍ॅक्टन भागीदार झाला, तेव्हा तो २४ वर्षांचा होता. कॅथलिक म्हणून केंब्रिजच्या कॉलेजांनी त्याला प्रवेश नाकारला होता, म्हणून तो म्युनिकला डॉलिंगर या धर्मगुरू-इतिहासकारांकडे इतिहास शिकला. कागदपत्रं जे सांगतात ते छापायचं, मग ते एखाद्या पोपच्या अंगाशी का येईना, ही खोड त्याने तिथूनच आणली.

१८५९ च्या सुरुवातीला ठिणगी पडली, ती कुठल्या गहन सिद्धान्तावरून नव्हे, तर शाळांवरून. सरकारने शिक्षणाच्या चौकशीसाठी आयोग नेमला होता आणि कॅथलिक बिशपांना त्याचे लोक आपल्या शाळांत नको होते. आयोगाला सहकार्य करावं असा लेख ‘रॅम्बलर’ने छापला. लेखक स्वतः कॅथलिक शाळांचा सरकारी तपासनीस, म्हणजे आतली माहिती असलेला माणूस. पण बिशपांचा राग आधीच साठलेला होता. सिम्पसनला जावं लागलं, आणि सगळ्यांना चालेल असा एकच माणूस उरला. अँग्लिकन पंथातूनच आलेले ख्यातनाम ईशज्ञानी जॉन हेन्री न्यूमन, वय ५८. त्यांनी नाइलाजाने संपादकपद घेतलं आणि मासिक द्वैमासिक केलं.

मे महिन्याच्या अंकात न्यूमन यांनी सहज जाता जाता लिहिलं की मरियेच्या निष्कलंक गर्भसंभवाचा (म्हणजे ती आईच्या पोटी मूळ पापाविना आली हा) सिद्धान्त १८५४ मध्ये जाहीर करताना भाविकांचा कौल पाहिला गेला, तर शाळांसारख्या व्यवहाराच्या प्रश्नातही तो पाहिला जाईल अशी अपेक्षा करणं स्वाभाविक आहे. इंग्रजीत त्यांनी ‘कन्सल्ट’ हे क्रियापद वापरलं होतं. एका सेमिनरीतले, म्हणजे धर्मगुरू घडवणाऱ्या विद्यालयातले, ईशज्ञानाचे प्राध्यापक उसळले. म्हणजे बिशपांनी आता मेंढरांचा सल्ला घ्यायचा?

जुलैच्या अंकातल्या दीर्घ लेखात न्यूमन यांनी उत्तर दिलं. त्यातली एक जागा मी वर्गात कितीदा सांगितली असेल. आपण वेळेसाठी घड्याळ पाहतो, हवामानासाठी वायुभारमापक पाहतो, तेव्हा इंग्रजीत ‘कन्सल्ट’च म्हणतात. वैद्य रोग्याची नाडी ‘कन्सल्ट’ करतो आणि रोगी वैद्याला ‘कन्सल्ट’ करतो, पण दोन्हींचा अर्थ एक नाही. मराठीत ही पंचाईतच झाली नसती बघ. आपण नाडी पाहतो आणि सल्ला घेतो. न्यूमन यांना नाडी अभिप्रेत होती, विरोधकांनी सल्ला वाचला.

पण त्यांचा खरा घाव पुढे होता. चौथ्या शतकात ‘ख्रिस्त पूर्णपणे देव नव्हे’ या एरियस नावाच्या धर्मगुरूच्या मताने ख्रिस्तसभा, म्हणजे चर्च, हलली, तेव्हा कितीतरी बिशप डळमळले, परिषदांनी गोंधळ घातला, आणि ख्रिस्ताच्या देवत्वावरचा विश्वास प्रामुख्याने टिकवला तो साध्या भाविकांनी. हे त्यांनी दाखल्यांसकट मांडलं.

तोवर संपादकपद जवळजवळ गेलंच होतं. मे महिन्यातच बर्मिंगहॅमचे बिशप अलाथॉर्न भेटून जुलैच्या अंकानंतर सोडा म्हणाले होते. त्याच भेटीत त्यांनी प्रापंचिकांबद्दल, म्हणजे धर्मगुरू नसलेल्या साध्या भाविकांबद्दल, विचारलं, “हे प्रापंचिक म्हणजे कोण?” त्यांच्याशिवाय ख्रिस्तसभा वेडगळच दिसेल, अशा अर्थाचं काहीतरी न्यूमन यांनी उत्तर दिलं. ‘नेमके शब्द हे नव्हते’ असं टिपणात नोंदवायलाही ते विसरले नाहीत. संपादक असावा तर असा!

आता एका कागदाची गोष्ट. न्यूपोर्टच्या बिशपांनी त्या लेखाची रोमकडे तक्रार केली. न्यूमन यांनी जानेवारी १८६० मध्ये इंग्लंडमधल्या कॅथलिकांचे प्रमुख कार्डिनल वाइजमन यांना कळवलं की आक्षेप असलेली वाक्यं दाखवा, मी खुलासा करतो. रोमने यादी वाइजमन यांच्याकडे दिलीही. ती न्यूमन यांच्यापर्यंत पोहोचली नाही. इकडे ते समजले, प्रकरण मिटलं. तिकडे रोम समजलं, हा माणूस उत्तरच देत नाही. अशी सात वर्षं गेली. वाइजमन १८६५ मध्ये वारले, यादीचा उलगडा १८६७ मध्ये झाला. म्हणून तुला सांगतो, आक्षेप लेखी माग, आलेल्या उत्तराची पोच दे, आणि उत्तर नाही आलं तर पुन्हा विचार. शांतता म्हणजे संमती समजू नकोस.

पुढचं थोडक्यात. ‘रॅम्बलर’ १८६२ मध्ये बंद होऊन त्याचं ‘होम अँड फॉरेन रिव्ह्यू’ हे त्रैमासिक झालं. मॅथ्यू आर्नल्डसारख्या चर्चबाहेरच्या समीक्षकानेही त्याची तारीफ केली. डिसेंबर १८६३ मध्ये पोप नववे पायस यांनी म्युनिकच्या आर्चबिशपांना पत्र लिहिलं. कॅथलिक विद्वानांनी घोषित सिद्धान्तांपुरतंच बांधलेलं राहून चालणार नाही, रोममधल्या खात्यांचे निर्णयही मानले पाहिजेत, असा त्याचा आशय होता. अ‍ॅक्टनने हिशेब मांडला: तत्त्व सोडवत नाही, अधिकाराशी उघड भांडण करायचं नाही, मग त्रैमासिकच थांबवू. एप्रिल १८६४ च्या अंकात स्वतःच्या नावाने लेख लिहून त्याने ते बंद केलं. डॉलिंगर यांना १८७१ मध्ये बहिष्कृत केलं गेलं, अ‍ॅक्टन अखेरपर्यंत कॅथलिक राहिला. १८९५ मध्ये त्याच केंब्रिजने त्याला इतिहासाचा प्राध्यापक केलं. न्यूमन १८७९ मध्ये कार्डिनल झाले, २०१९ मध्ये संत.

आपल्याकडेही हा पेच नवा नाही. कवी रेव्हरंड ना. वा. टिळकांनी १९१७ मध्ये मिशनची नोकरी सोडली, ख्रिस्त सोडला नाही.

तर मग, धीट की जपून? सिम्पसनचे मुद्दे पुष्कळदा बरोबर असत, पण त्याच्या सुराचीच चर्चा व्हायची. मीही हे भोगलं आहे. आमच्या छोट्या मासिकात एका निधीच्या हिशेबावर मी लेख लिहिला होता. आकडे पैन् पै बरोबर. मथळा मात्र दिला, ‘कुणाच्या खिशात?’ तीन महिने विश्वस्त मथळ्यावरच बोलत राहिले, आकड्यांकडे कुणी पाहिलंसुद्धा नाही. मुद्दा हवा तेवढा धीट ठेव, पण शब्द सोनाराच्या काट्यावर तोल. आणि कुठल्या अटीवर अंक बंद करशील ते आजच एका कागदावर लिहून ठेव. वेळ येईल तेव्हा डोकं थाऱ्यावर नसतं.

तुझ्या संपादकीयात तिसऱ्या परिच्छेदात ‘अंधभक्त’ असा शब्द आहे, त्याभोवती मी लाल वर्तुळ काढलं आहे. तू नक्की कुणाबद्दल बोलते आहेस? रोज संध्याकाळी रोझरी म्हणणारी तुझी आजी त्यात येते का? येत असेल, तर अंक छापायच्या आधी तो परिच्छेद तिला वाचून दाखव, आणि ती काय म्हणाली ते मला कळव.

तुझे,
सर