पस्तीस मिनिटांचा पहिला पाठ

वाचकांचे प्रश्न

प्रश्न : बी.एड.च्या पहिल्या वर्षाला आहे. सूक्ष्म अध्यापन (एकेका कौशल्याचा छोटा सराव) आणि सेतू पाठ (ती कौशल्यं एकत्र जोडणारा पाठ) झाले, पण ते वर्गमैत्रिणींसमोर. आता शाळेत नववीच्या साठ मुलांसमोर विज्ञानाचा पहिला पाठ आहे, घटक 'प्रतिध्वनी'. टाचण, म्हणजे पाठाचा लेखी आराखडा, मंजूर झालंय, तरी ३५ मिनिटांत बसेल असं वाटत नाही. काय कमी करू?
– छात्राध्यापिका, ठाणे पूर्व

उत्तर : तुम्हाला वाटतंय ते खरं आहे, बसणार नाही. तासिका ३५ मिनिटांची असली तरी हाती ३०च येतात. आधीच्या तासाच्या बाई बाहेर पडतात, फळा पुसायचा असतो, पाठाला गुण देणारे निरीक्षक मागच्या बाकावर बसतात, यात पाच मिनिटं जातात. म्हणून टाचण तिसाचंच करा : स्थिरस्थावर व्हायला २, प्रस्तावना ४, हेतुकथन (आज काय शिकायचं ते सांगणं) १, विषयविवेचन १६, संकलन ४, स्वाध्याय लिहून द्यायला ३.

आता कात्री. प्रतिध्वनी म्हणजे काय आणि त्यासाठी किमान अंतर किती लागतं, एवढंच ठेवा. सोनार (ध्वनीने पाण्याखालच्या वस्तू शोधणारं यंत्र), वटवाघूळ, निनाद (आवाज एकमेकांत मिसळून घुमत राहणं) पुढच्या पाठाला. पहिल्याच पाठात अख्खा धडा उरकायला गेलं की संकलनाच्या आधी घंटा होते आणि मुलांना काय कळलं, हे तपासायचं राहूनच जातं.

सर्वाधिक पाठ फसतात ते प्रस्तावनेत. 'मुलांनो, तुम्ही डोंगरावर गेलात का?' असं विचारलं की निम्मा वर्ग हो म्हणतो, निम्मा नाही, आणि मग सहलींच्या गप्पा सुरू होतात. त्यापेक्षा खणखणीत आवाजात एक वाक्य बोला आणि विचारा : 'माझा आवाज मागच्या भिंतीवर आपटून परत येतो. मग तो दुसऱ्यांदा ऐकू का आला नाही?' प्रश्न मुलांच्याच वर्गातल्या भिंतीचा आहे, त्यामुळे हेतुकथन वेगळं शोधावं लागत नाही.

दोन मुलांना मोजपट्टी देऊन वर्गाची लांबी मोजायला लावा. समजा ८ मीटर भरली. आवाज जाऊन-येऊन १६ मीटर जातो. २२ अंश सेल्सिअसला हवेत ध्वनीचा वेग सेकंदाला ३४४ मीटर, म्हणजे वेळ लागला साधारण ०.०५ सेकंद. ऐकलेल्या ध्वनीचा परिणाम आपल्या मेंदूत सुमारे ०.१ सेकंद टिकतो, म्हणून दोन आवाज वेगळे कळत नाहीत. ते वेगळे कळायचे तर आवाजाने ३४.४ मीटर जायला हवं, आणि भिंत १७.२ मीटरवर हवी. 'निम्मं का?' हा प्रश्न हमखास येतो. फळ्यावर जाणारा बाण एका रंगाने, येणारा दुसऱ्या रंगाने काढा, मग सांगावं लागत नाही. एका जागी ३४० आणि दुसऱ्या जागी ३४४ घेऊ नका. वेग तापमानाप्रमाणे बदलतो हे ठाऊक नसलेल्या मुलांना तुमचं गणितच चुकलं असं वाटतं.

ठाण्याची मुलं रेल्वेच्या पारसिक बोगद्याचं उदाहरण काढतील. गाडी आत शिरली की आवाज वाढतो, पण तिथे भिंती हाताच्या अंतरावर असतात. तो निनाद, प्रतिध्वनी नव्हे. 'छान निरीक्षण, याचं नाव वेगळं आहे, पुढच्या तासाला बघू,' एवढं म्हणून फळ्याच्या कोपऱ्यात 'बोगदा' लिहून ठेवा. मुलाचा मुद्दा वाया जात नाही आणि पाठही भरकटत नाही.

प्रश्न : मी प्रश्न विचारला की सगळा वर्ग एकदम ओरडतो. 'शांत बसा' म्हणून घसा बसतो. शाळा रुळांलगत आहे, लोकल गेली की त्यात भर.
– छात्राध्यापक, कोपरखैरणे

उत्तर : 'समजलं का?' आणि 'हो की नाही?' हे दोन प्रश्न टाचणातून आधी काढून टाका, कोरस त्यांनीच तयार होतो. आधी प्रश्न विचारा, मनात तीन आकडे मोजा, मग नाव घ्या. नाव आधी घेतलं की उरलेले एकोणसाठ जण विचार करायचं थांबवतात. अमेरिकेतील विज्ञानशिक्षणाच्या अभ्यासक मेरी बड रो यांनी १९७०च्या दशकात दाखवलं, की शिक्षक प्रश्नानंतर जेमतेम एक सेकंद थांबतात, आणि तो वेळ तीन सेकंदांवर नेला की मुलांची उत्तरं लांब आणि विचारपूर्वक होतात. पहिल्या पाठात ते तीन सेकंद फार मोठे वाटतात, तरी सोसा. नावं घेता यावीत म्हणून वर्गशिक्षकांकडून बैठक-व्यवस्थेचा कागद आदल्या दिवशी घ्या. 'ए, निळ्या दप्तरवाल्या' म्हटलं की वर्ग हातचा गेला.

लोकल जात असताना आवाज चढवू नका. तेवढ्यात फळ्यावर आकृतीचा पुढचा भाग काढा. गाडी गेली की बोला. दोन-तीन गाड्यांनंतर वर्गालाही ती सवय लागते.

प्रश्न : वर्गात काही मुलं आगरी बोलतात, काहींच्या घरी साताऱ्याकडची मराठी, काहींच्या घरी हिंदी. उत्तर बोलीत आलं तर दुरुस्त करायचं का? निरीक्षक गुण कापतील का?
– छात्राध्यापिका, ऐरोली

उत्तर : उच्चार मुळीच दुरुस्त करू नका. पहिल्याच तासाला मुलगी तोंड उघडते आणि तुम्ही तिचा शब्द सुधारता, तर वर्षभर ती हात वर करणार नाही. ती काय म्हणते ते ऐका, बरोबर असेल तर मान्य करा आणि तेच वाक्य पाठ्यपुस्तकाच्या शब्दांत तुम्ही म्हणा : 'अगदी बरोबर, आवाज भिंतीवर आपटून परत येतो, याला परावर्तन म्हणतात.' 'परावर्तन' फळ्यावर लिहा. संज्ञा पोचली, मुलीचा मान राहिला. निरीक्षक टिपतात ते उत्तर तुम्ही कसं स्वीकारता ते.

प्रश्न : खडू किंचाळतो, मागच्यांना दिसत नाही. उपाय?
– वाचक, नेरूळ

उत्तर : खडूचे दोन तुकडे करून वापरा आणि फळ्याशी तिरका धरा. उभा धरला की तो अडकत-सुटत सरकतो, त्याचाच आवाज होतो. अक्षर चार-पाच सेंटीमीटर उंच काढा आणि आदल्या दिवशी रिकाम्या वर्गात शेवटच्या बाकावर बसून वाचून पाहा. खिडकीची चकाकी फळ्यावर कुठे येते तेही तेव्हाच दिसतं, तेवढा भाग मोकळा सोडा.